श्यामरावजींचे ओले चित्र

नागपूरच्या धंतोलीतील आप्पासाहेबांच्या घरी राहून गेलेल्या चित्रकारांचे कागद लावण्याचे काम मी केले, हे आधीच सांगते. मी शाळेतून निवृत्त झाले होते आणि शेजारीच राहत होते. कागद तीन पेट्यांत मावले. किस्से मात्र मावेनात. एक कागद उचलला की आप्पासाहेबांच्या पत्नी, काकू, दोन किस्से सांगत, आणि तिसरा त्याच दिवशी घरात घडे!

*

आप्पासाहेबांची वकिली उत्तम चालत असे. विदर्भातला कोणताही चित्रकार त्यांच्याकडे यावा, राहावा, जेवावा आणि रंगवावा. अट एकच: जाताना कच्ची रेखाटने घरात ठेवून जायची. काकू ती कडुनिंबाचा पाला घालून पेट्यांत जपत.

उमरेडच्या एका चित्रकाराने आप्पासाहेबांचे व्यक्तिचित्र काढले. सगळ्यांनी वाहवा केली. काकूंनी ते बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाल्या, "नाक यांचंच आहे. पण हे इतके चूप कधी बसले?"

*

श्यामरावजी आठ दिवसांसाठी आले होते. परसातल्या खोलीत त्यांनी संत्र्याच्या बागेचे मोठे चित्र सुरू केले. महिना झाला, वर्ष झाले. निघण्याचा विषय निघाला की उत्तर ठरलेले: "चित्र ओलं आहे."

काकू मला म्हणाल्या, "बाई, आपल्या नागपूरच्या उन्हात पापड घटकाभरात वाळते. यांचं चित्र तीन वर्षांपासून ओलंच!"

आप्पासाहेबांनी ते ऐकले. "वाळलं की सांगतील ते," एवढेच म्हणाले. "त्यांना चहा गेला का?"

*

सह्या नसलेली रेखाटने ओळखण्यासाठी मी श्यामरावजींनाच बसवले. चांगले रेखाटन निघाले की "हे माझं." फसलेले निघाले की "हे उमरेडवाल्याचं!"

एका सुरेख बैलजोडीवरही त्यांनी हक्क सांगितला. मी कागद उलटून मागची तारीख दाखवली. "श्यामरावजी, हे तुम्ही या घरी येण्याच्या आधीचे आहे."

"पाहा बाई," ते शांतपणे म्हणाले, "तवाही किती चांगलं काढत होतो मी!"

*

आप्पासाहेब गेले आणि घर विकायचे ठरले. तिन्ही मुलगे बैठकीत जमले. थोरल्याला पेट्या मुंबईला हव्या होत्या, मधल्याला पुण्याला. पेट्यांवर सकाळभर बोलणे झाले. परसातल्या खोलीबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. श्यामरावजींना दुसरे घर नव्हते.

शेवटी काकू बोलल्या. "काहून गा, कागद पाहिजेत? ज्याले पेट्या, त्याले श्यामरावजी. वेगवेगळे मी देत नाही."

थोरल्याला एकदम मुंबईची हवा आठवली. "तिकडे फार दमट, आई. कागद खराब होतील."

"आमच्या दोनच खोल्या," मधला म्हणाला.

धाकटा वसंता जवळच हिंगण्याच्या कारखान्यात नोकरीला होता. तो बायकोकडे पाहू लागला. कुसुम म्हणाली, "आमच्याकडे द्या. मागची खोली मोकळीच आहे. पण दोन्ही द्या हं! नुसत्या पेट्या नकोत."

पेट्या आणि श्यामरावजी रविवारी वसंताकडे जातील आणि सोमवारी घराचा ताबा द्यायचा, असे ठरले. ते सांगायला आम्ही सगळे परसातल्या खोलीत गेलो.

श्यामरावजींनी सारे ऐकून घेतले. ब्रश खाली ठेवला नाही. "कुसुमकडे? येतो ना! पण चित्र ओलं आहे."

थोरला हसला. "काका, अजून?"

इतक्या वर्षांत काकूंनी त्या चित्राला कधी हात लावला नव्हता. त्या पुढे झाल्या आणि एका संत्र्यावर बोट टेकवले.

बोट केशरी झाले.

घराचा ताबा चित्र वाळल्यावर द्यायचा, असे ठरले. वसंता आणि कुसुम यांनी मान्य केले. मधल्यानेही केले. थोरल्याने सर्वांत शेवटी केले, काकूंच्या बोटाकडे पाहत.