गोडाचा सापळा

वन्संनी, म्हणजे माझ्या नणंदेने, माझ्या बाळंतीण मुलीच्या, मीनलच्या, दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला. तो ओघळला. "पाणचट आहे गं मीनल. दुधाच्या पावडरचा डबा आण."

माझ्या वेळीही त्यांनी असाच थेंब पाहिला होता. मी डबा आणला आणि माझं दूध आटलं. ते मी विसरलेले नाही.

पुढे मी वाचलं, की आईच्या दुधात दीडशेहून अधिक प्रकारच्या साखरा अशा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. काही त्याच्या पोटातल्या चांगल्या जंतूंचं अन्न होतात. काहींना रोगाचे जंतू आतड्याची भिंत समजून चिकटतात आणि लंगोटातून बाहेर जातात. दूध भांडत नाही, गोड देऊन वाटेला लावतं. हा सूड मला फार आवडला.

मीनलने बाळाला छातीपासून दूर केलं होतं. मी वन्संच्या दोन्ही हातांत डिंकाचे लाडू ठेवले. "बाहेर ओटीवर बसून खा, वन्सं."

"अगंबाई, साजूक तुपातले!" म्हणत त्या निघाल्या.

मी आतून कडी घातली आणि मीनलला म्हणाले, "पाज."