आमचा पेट्रा दौरा

परदेश दौऱ्यावरून आम्ही परतलो तेव्हा दोघांच्याही चपलांना आमच्याच शेतातली काळी माती होती.

झालं असं. आमच्या शकूनं लग्न झाल्यापासून माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं. (निदान मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं तरी!) एके दिवशी तिनं मोबाइलवर पेट्रा पाहिलं. जॉर्डनच्या वाळवंटातलं, गुलाबी खडकात कोरून काढलेलं जुनं शहर. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत ती बघत राहिली. मग म्हणाली, "अवो, हे एकदा डोळ्यानं बघायचं हाय मला."

मी निवृत्त मास्तर. जन्मभर पोरांना नकाशात जॉर्डन दाखवलं, बायकोला दाखवायला नको? बीडला जाऊन एका एजंटाकडे आठ दिवसांच्या दौऱ्यासाठी नाव नोंदवलं. आधी विमानानं शेजारच्या देशात उतरायचं, मग गाडीनं सीमा ओलांडून थेट पेट्रा! इथवर सगळं ठीक होतं. चूक एवढीच झाली, की हे मी मेव्हण्याला सांगितलं.

मेव्हणा बापू आमच्याच गावचा सरपंच. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स! मागे विमान, पुढे आम्ही दोघं, आणि माझ्या डोळ्यांवर गॉगल. (मी आयुष्यात कधी गॉगल घातलेला नाही!) निघताना हलगी वाजली, बायकांनी शकूची ओटी भरली, आणि बॅगेत एवढे धपाटे आणि लाडू कोंबले की कपडे पिशवीत न्यावे लागले.

एसटी बीडच्या अलीकडे असताना एजंटाचा फोन आला. "सर, तिकडची सीमा बंद झाली. ट्रिप रद्द."

गळ्यातले हार अजून ताजे होते. शकू खिडकीबाहेर बघत राहिली. तिचा पडलेला चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं.

"घरी जाऊ या," मी म्हणालो.

"हलगी लावून धाडलंय भावानं. लगीच माघारी गेलो तर त्याचं हसं हुईल. आपल्या शेतातल्या खोलीवर जाऊ. आठ दिस कुणी फिरकत न्हाई तिकडं."

म्हणून आम्ही बीडहून उलट्या एसटीत बसलो आणि आडवाटेनं शेतात परदेशी गेलो.

दुसऱ्याच दिवशी बापूचा फोन. "दाजी, फोटो कावून टाकंनात?"

"वाळवंटात रेंज नाही रे!"

नेमका बांधावरचा मोर ओरडला.

"दाजी, हे काय वरडलं?"

"उंट!"

संध्याकाळी शकू विहिरीच्या पायऱ्यांवर उभी होती. तिनं खडकावरून हात फिरवला. "ही इहीर खणली तवा मी नवी नवरी होते. ह्या दगडाच्या पाट्या माज्याच डोक्यावरून वर गेल्यात. हे बी कोरलेलंच हाय की वो!" मावळतीचं ऊन पडून मुरूम खरोखर गुलाबी झाला होता. आणि ती इतकी सुंदर दिसत होती, की मी फोटो काढला आणि त्याच भरात बापूला पाठवून दिला.

बापूनं तो स्टेटसला ठेवला. सगळं गाव हरखलं. "लई भारी कोरलंय बे!"

आठव्या दिवशी आम्ही हार घालून घ्यायला चौकात हजर! आणि बघतो तर तोच फोटो, दारापेक्षा मोठा, नव्या फ्लेक्सवर. मोबाइलवर न दिसलेला निळा पाइप आता कोपऱ्यात चांगला मांडीएवढा जाड झाला होता. मी माइकवर "त्या प्राचीन लोकांनी पाण्याची केवढी सोय केली होती" इथवर आलो आणि विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणारे तात्या उठले.

"मास्तर, ह्यो पाइप तर म्याच जोडलता की!"

सगळा चौक फ्लेक्सकडे वळला. बापूचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात शकूनं माइक घेतला.

"व्हय, आमी इहिरीवरच होतो. तिकडची शीव बंद झाली, त्याला ह्ये काय करतील? पर आठ दिस ह्यांनी सकाळी उठून मला चा करून पाजला. लग्नापासून पैल्यांदा! माजा परदेश झाला."

आधी बापू हसला, मग सगळा चौक. मी मात्र ओले डोळे लपवायला गॉगल शोधत होतो.

पासपोर्ट अजून कोरा आहे. सीमा उघडली की जायचं आहेच. तोवर संध्याकाळी मी केलेला चहा घेऊन आम्ही विहिरीवर बसतो. आणि घरी कुणी मला विचारत आलं, तर शेजारी अजिबात न हसता सांगतात, "मास्तर? परदेशात गेलेत!"