लोहाराची भावकी

पनवेलला पुणे रस्त्यावर एका लोहाराची भट्टी होती. तो दोन घावांच्या मधल्या उसंतीतच बोलायचा, त्यामुळे त्याचं एक वाक्य संपेपर्यंत लोखंड निवायचं. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, म्हणून एकदा त्याने विचारलं, "मास्तर, इंग्रजांत लोहार नाय?"

"आहेत की. लोहाराला ते स्मिथ म्हणतात. गावोगाव एक असायचाच, पोरांना तेच आडनाव लागलं. आता जगभर स्मिथच स्मिथ."

"म्हंजी आमची भावकी लय लांब पसरली हाय!" तो खुलला.

पुढे एका गोऱ्या साहेबाच्या मोटारीची स्प्रिंग भट्टीजवळच तुटली. साहेबाचं आडनाव निघालं स्मिथ. मला दुभाषा म्हणून बोलावलं.

"इचारा, तुमी लोहारच ना?"

साहेब ओशाळला. म्हणाला, "घरात कित्येक पिढ्या कुणी हातोडा धरलेला नाही."

लोहाराचा चेहरा पडला. सख्ख्या भावालाही तो आपल्या हातोड्याला हात लावू देत नसे. तोच हातोडा त्याने साहेबाच्या हाती दिला.

साहेबाने कोट काढला, तापल्या लोखंडावर घाव घातला. घाव वाकडा पडला.

"सांगा त्यांना," लोहार हळूच म्हणाला, "माजा पयला बी असाच पडला व्हता."