फिटरकाकांची कोरडी विजार

कारखान्यातून निवृत्त झालेल्या फिटरकाकांचा सगळा जीव मासे धरायच्या रबरी विजारीत होता. खाली बूट जोडलेली, छातीपर्यंत येणारी ती विजार चढवून ते नदीत कंबरभर पाण्यात गळ टाकून उभे राहत. गेल्या हिवाळ्यात ती गुडघ्याला गळली, काका भिजले आणि पंधरा दिवस खोकत पडले. काकूंनी निक्षून सांगितलं, "आणखी एकदा ओले होऊन आलात, की नदी बंद!"

झालं! विजारीचे जावयासारखे लाड सुरू झाले. घरी आल्यावर तिला स्वच्छ पाण्याने धुवायचं, सावलीत उलटं टांगायचं, घडी म्हणून घालायची नाही. रविवारी काका न्हाणीघरात अंधार करून तिच्या पायात बॅटरी सोडत. उजेडाचा ठिपका बाहेर दिसला, की तिथे ठिगळ.

"डॉक्टर, पेशंट कसाय?" काकू दाराबाहेरून विचारत.

"धोका टळलाय," आतून उत्तर येई.

पण धास्ती काही जाईना. काट्यांचा भाग काकांनी सोडला, मग खडकांचा, मग खोल पाण्याचा. मासे मिळेनासे झाले. विजार मात्र खडखडीत कोरडी परत येऊ लागली. काकूंना शंका आली. एका सकाळी त्या चहाची बाटली घेऊन मागोमाग नदीवर गेल्या.

काका छातीपर्यंत विजार चढवून काठावर घरून आणलेल्या पायपुसण्यावर उभे होते. पाण्यापासून चांगले चार हात लांब.

काकूंना आधी हसू आलं, मग उमगलं. हा माणूस नदी सुटेल या भीतीने नदी आपणच सोडून बसला होता.

"अहो, तुम्ही आजारी पडू नये म्हणून बोलले मी. असं बुजगावणं होऊन उभं राहा म्हणून नाही. चला, उतरा!"

"फाटली तर?"

"उतरा म्हणते ना!"

काका उतरले. गुडघाभर, मांडीभर, कंबरभर. चेहरा उजळला. तेवढ्यात डाव्या मांडीशी गार पाण्याची धार आत शिरली. काकांनी ओठ घट्ट आवळले.

"गळतेय?" काठावरून प्रश्न आला.

"छे! अजिबात नाही."

"मग दात का वाजतायत?" काकूंनी चहा ओतला. "या बाहेर, गरम प्या. आणि जाताना दुकानावरून जाऊ. तुमच्या मापाची नवी बघू."