धवल्यात न गायलेली ओळ

पालघर-बोईसरकडच्या बातम्या करून माझ्या वह्यांचा ढीग झाला. छापलं ते लोकांनी बोलून सांगितलेलं. गाऊन सांगितलेलं वहीतच पडून राहिलं, आणि खरं तेच होतं. हे साठच्या दशकातलं, चिंचणीजवळच्या कोळीवाड्यातलं.

*

हिरूबाई धवलारीण. लग्नात धवले गायची, आणि त्यात घरच्या मेलेल्या माणसांना नावानिशी मांडवात बोलवायची. जिवंताचं नाव धवल्यात येत नसे.

मी विचारलं, "तुमच्या सासऱ्यांचं नाव काय?"

ती पदराआड हसली. "बोलून नाय घेत आमी. लग्नात या, गाऊन सांगते."

*

तिची सून रखमा. नवरा जिवंत असेतो बायको त्याचं नाव घेत नाही, हा तिथला रिवाज.

"होडीवर कोण गेलंय?"

"घरवाला."

"त्याला नाव नाही?"

"पांडू म्हणून तुमीच हाका मारता ना? मग मला कशाला बोलायला लावता?"

*

चैत्रात वादळ झालं. बाकीच्या होड्या परतल्या, पांडूची आली नाही. शोध घ्या म्हणून मी पालघरच्या कचेरीत भांडलो.

"घरचे काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

"येईल म्हणतात."

"मग येईल की."

मी सांगितलं, त्याच्या आईनं धवले गाणं बंद केलंय. तोंडून नाव निघेल म्हणून भ्यायलीय ती.

"गाण्याचा पंचनामा होत नाही," साहेब म्हणाले. आमच्या संपादकांनीही छापलं, होडी लवकरच परतेल!

*

पंधरवड्यानं हिरूबाईच्या पुतणीचं लग्न आलं. तिला गावंच लागलं. भर दुपार. ती एक ओळ म्हणायची, मागे बसलेल्या बाया तीच उचलायच्या. सासरा आला, दीर आला, नवरा आला. मग हिरूबाई थांबली. मी समोरच होतो. तिचे ओठ मिटलेले होते.

मागच्या बायांनी ओळ उचलली. या पांडू, मांडवी बसा.

हिरूबाई वळली. "कोणी म्हटलं?"

"तूच म्हटलंस. आमी फक्त उचललं."

सगळ्या बाया हेच सांगत होत्या.

रखमा मांडवाच्या कडेला बसली होती. मी जवळ गेलो. हे छापू नका म्हणेल, असं वाटलं होतं.

"छापा," ती शांतपणे म्हणाली. "पांडू उद्या येल."