मावशीचं खाकरणं

माझी मावशी शाळेची बस चालवते आणि पन्नाशी उलटल्यावर विमान चालवायला शिकते आहे. तोंडाची फटकळ, आणि कुणाच्याही खोलीत दार न वाजवता घुसणारी. आकाशाचे विभाग काही केल्या तिच्या डोक्यात शिरेनात, तेव्हा तिनं ते आपल्या पद्धतीनं बसवले.

"मोठ्या विमानतळावरचं आकाश म्हणजे लोकांचं घर. विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. भोवतीचं म्हणजे अंगण, तिथं निदान खाकरायचं. बाकी सगळा रस्ता, आपले डोळे आपण उघडे ठेवायचे."

खाकरणं म्हणजे ट्रान्सपाँडर. आपण कुठे, किती उंचीवर आहोत, हे तो रडारला कळवतो.

परवा एकटी उडताना ती अंगणाच्या कडेला पोचली आणि ट्रान्सपाँडर बंद असल्याचं तिला दिसलं. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तिनं विमान मागे वळवलं, तो चालू केला आणि उतरल्यावर प्रशिक्षकाला स्वतःहून सांगून बोलणी खाल्ली.

"सांगायची काय गरज होती?" मी विचारलं.

"अरे, वर सगळे एकमेकांच्या भरवशावर उडतात."

आज दुपारी माझ्या खोलीचं दार लोटलेलं होतं. बाहेर कुणीतरी खाकरलं.