माहेरच्या वाटेवर चौदा जणींचे वजन

पश्चिमेकडील खाडीवरून मोटारी व माणसे वाहणारी जुनी फेरीबोट महिनाअखेर निवृत्त होणार, ही बातमी कळताच आमच्या बोरिवलीच्या घरी निर्णय झाला: त्यापूर्वी सासूबाईंना माहेरी नेऊन आणायचे. गोष्ट ऐंशीच्या दशकातील आहे. सासूबाईंचा मणका दुखावलेला होता. वळशाच्या रस्त्यावरील खड्डे त्यांना सोसणारे नव्हते आणि लहान लाँचमध्ये त्यांना चढता येत नव्हते. फेरीबोटीत मात्र मोटारीत बसल्याबसल्या खाडी ओलांडता येई. ही संधी हुकली असती, तर माहेर कायमचे अंतरले असते.

शेजाऱ्यांची फियाट मागून घेतली, मागच्या बाकावर उशा रचल्या आणि पत्नी व सासूबाईंसह सकाळी निघालो. खाडीपार जाणाऱ्यांनी घड्याळापेक्षा भरतीकडे लक्ष द्यावे. ऐन भरतीतच बोटीची फळी धक्क्याशी समपातळीत येई; पाणी उतरले की मोटारीची चढउतार बंद.

दोन जुन्या होड्यांवर ठोकलेला फळ्यांचा मंच आणि मधोमध इंजिनाची खोली, अशी त्या बोटीची रचना होती. तिने आयुष्यभर जीपगाड्या, विटा, शिक्षक, कोंबड्या आणि वऱ्हाडासकट बँडवाले वाहिले होते. फियाट डाव्या बाजूस उभी केली आणि बोट तिकडेच झुकली.

"अशी नाय सुटायची, मास्तर," बोट चालवणारा तांडेल म्हणाला; मी शाळेत शिकवतो हे त्याला तिकीट काढतानाच कळले होते. "गाडी एकच. पलीकडे वजन पायजे."

"वाळूची पोती असतील ना?"

"मालकाने कालच उचलली. आता चौदा-पंधरा माणसं आणा. नायतर वर्गातली पोरं आणा तुमच्या!"

शेजारच्या लाँचमध्ये बाजारातून परतणाऱ्या मासळीवाल्या बसत होत्या. "भगिनींनो, आपण कृपया या बोटीने याल का?" मी विचारले.

"तुमची बोट पोचेस्तोवर आमची चूल विझंल, काका!" एक तरुणी म्हणाली. सगळ्या खिदळल्या. इकडे पाणी उतरू लागले होते.

तेवढ्यात सासूबाईंनी मोटारीची काच खाली केली. "अगो, कोनाची तू? नाक तर ताराचं दिसतंय."

तरुणी थबकली. "तारा माझी आजी."

"मग मी तिची मैत्रीण जनी, वडाखालच्या घरची. काय गो, पोहत येऊ काय माहेरी?"

"अगो बाय, जनीआते! उतरा गो सगल्या, आते आलीय!"

रिकाम्या टोपल्यांसह चौदा जणी उजवीकडे येऊन बसल्या आणि बोट सरळ झाली. "बायांनो, आता हसायचं ते बसून हसा," तांडेलाने बजावले. ते कोणीही ऐकले नाही.

माहेरी दोन दिवस तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि न संपणाऱ्या गप्पा झाल्या. परतीच्या सकाळी मला पुन्हा वजनाची काळजी लागली. धक्क्यावर पाहतो, तर त्याच चौदा जणी उभ्या; टोपली मात्र एकीच्याही हाती नव्हती.

"आज बाजार नाही?" मी विचारले.

"बाजार कसला! आतेच्या गाडीला वजन नको?"

त्या आमच्याबरोबर अलीकडे आल्या, सासूबाईंच्या पाया पडल्या आणि लगेच लाँचने स्वयंपाकाला परतल्या.

महिनाअखेर बोट खरोखरच बंद झाली. सासूबाई पुन्हा माहेरी जाऊ शकल्या नाहीत. पण त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. आम्ही माहेराहून परतलो त्याच संध्याकाळी शेजारीण प्रवासाची विचारपूस करायला आली होती, तेव्हा पाठीशी उशी सारून त्या ऐटीत म्हणाल्या, "लग्नात मला सासरी न्यायला चार भोई पुरले होते. माहेरी न्यायला चौदा जणी लागल्या!"